चारदा नापास झालेली ड्रायव्हर

बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली. शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असायचा, आणि खरं सांगायचं तर माझा सगळा स्वभाव त्या ब्रेकवरच पोसला. समोरच्याने काहीही करो, शेवटचा शब्द माझ्या पायाचा.

डाव्या स्तनात गाठ लागली तेव्हा मी डॉक्टरीणबाईंनाही शिकवायला गेले. "नीट बघा, सीटचा पट्टा घासून झालं असेल." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तपासणीचा कागद पुढे सरकवला. कॅन्सर होता. स्तन काढावा लागला, काखेतल्या गाठीही काढल्या, आणि पुढे सहा केमो ठरल्या.

नवऱ्याला तर सगळं माहीत होतं. बाकीच्यांना मी सांगितलं, पाठ धरली आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना पाठ, शेजारणीला पाठ, सख्ख्या नणंदेलाही पाठच. पहिल्या केमोनंतर केस गेले, तेव्हा नणंदेने विचारलं, "वहिनी, पाठीच्या औषधाने केस कसे गेले हो?"

"औषध जरा स्ट्राँग आहे," मी म्हणाले.

ती माझ्या डोक्यावरच्या स्कार्फकडे बघत राहिली आणि मग दया येऊन तिनेच विषय बदलला.

दुसऱ्या केमोच्या वेळी नर्स म्हणाली, "दर बुधवारी चार वाजता खालच्या हॉलमध्ये आपल्या पेशंट बायका जमतात. जाऊन बसा की."

"मला रडायला गर्दी लागत नाही."

"रडत कुठे असतात! मागच्या बुधवारी इतक्या हसल्या की वरच्या वॉर्डातून तक्रार आली."

तरी मी जाणार नव्हते. पण त्या बुधवारी नवऱ्याने सूप केलं, त्याने ढवळलेलं सूप मी पुन्हा ढवळलं, त्यावरून आमचं भांडण झालं, आणि मी तणतणत घराबाहेर पडले. बाहेर पडल्यावर लक्षात आलं की जायला दुसरी जागाच नाही.

हॉलमध्ये दहाबारा बायका गोल बसल्या होत्या. मधोमध कोण, तर चौथी! ती घड्याळं दुरुस्त करायची. अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडे गाडी शिकायला आली होती आणि चार वेळा परीक्षा देऊन चारही वेळा नापास झाली होती, म्हणून तिच्या माघारी मी तिला 'चौथी' म्हणायचे. शेवटच्या दिवशी मी तिला सुनावलं होतं, "बाई, तुमच्या हातात घड्याळंच बरी. त्यांच्या आडवं कोणी येत नाही." आता हा गट तीच चालवत होती. तिचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली होती.

मला पळ काढायचा होता. "मी... ते पाठीच्या व्यायामाचं कुठे असतं, एवढंच विचारायला आले होते," मी म्हणाले.

चौथीने स्कार्फ पाहिला, अंगाशी धरलेला डावा हात पाहिला. "बसा मॅडम. इथे सगळ्यांची पाठच धरली आहे. फक्त पुढच्या बाजूने."

हॉल हसला. मीही हसले, टाक्यांची जागा ओढली जाईपर्यंत हसले, आणि मग कुणी काही न विचारता ढसाढसा रडले. पुन्हा वरून तक्रार आली.

तिसऱ्या केमोला नवऱ्याला रजा मिळेना. चौथी म्हणाली, "मी नेते."

"तुम्ही? गाडी?"

"पाचव्या वेळी पास झाले. दुसऱ्या स्कूलमधून."

सकाळी ती दारात आली. गटातल्या शिवणवाल्या काकूंनी केलेली एक छोटी उशी तिने पट्ट्याखाली सरकवली, जखमेवर घासू नये म्हणून. मी आभार मानायचे सोडून सुरू झाले: "आरसा बघा. इंडिकेटर. अहो, इंडिकेटर!" माझा पाय रिकाम्या जमिनीवर ब्रेक दाबत होता.

तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. "मॅडम, तुम्ही ओरडलात की माझे हात अजून थरथरतात. एक तर टॅक्सी करा, नाहीतर कशाची भीती वाटतेय ते सांगा."

मी पाय मागे घेतला. "मागच्या वेळी शीर सापडली नाही. तीनदा टोचलं," मी म्हणाले. आणि मग, "मरायची भीती वाटते. घरी सांगता येत नाही. घरी नवरा माझं तोंड बघून धीर धरतो."

घाबरू नका, असं ती म्हणाली नाही. "मला अजून वाटते. दर तपासणीच्या आधी आठवडाभर," ती म्हणाली. "हात गरम ठेवा, पाणी प्या, शीर लवकर सापडते."

"मी तेव्हा तुम्हाला फार वाईट बोलले."

"हो. पास होऊनही चार वर्षं स्टिअरिंगला हात लावला नाही मी."

"चुकलं माझं."

"बरं," असं म्हणून तिने आरशात बघितलं आणि गाडी काढली. हॉस्पिटलपाशी एका झटक्यात मागे घेऊन लावली. खोट काढायला मी जागा शोधली, सापडली नाही.

त्या संध्याकाळी मी नणंदेला फोन करून खरं सांगितलं. "स्कार्फ बघितला तेव्हाच कळलं होतं, वहिनी," ती म्हणाली. "तुम्ही कधी सांगताय त्याचीच वाट बघत होते." पुढच्या बुधवारी ती माझ्यासोबत आली, आणि आता वरून तक्रार येते ती मुख्यतः तिच्यामुळे.

सगळे उपचार संपून दीड वर्ष झालं. रिपोर्ट आतापर्यंत चांगले आहेत. भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम करून करून हात डोक्यापर्यंत जातो, आणि दुपारचे दोन तास मी पुन्हा शिकवते. गटात मला नव्या बायकांचं स्वागत करायचं काम दिलं होतं. पहिल्याच बुधवारी मी एकीला खुर्चीत कसं बसावं ते शिकवलं, म्हणून ते काढून घेतलं. आता माझ्याकडे खुर्च्या मांडायचं काम आहे.

मागच्या आठवड्यात एक तरुण मुलगी दारापाशीच बसली. "मी फक्त बहिणीसोबत आलेय," ती म्हणाली. बहीण कुठे दिसत नव्हती. माझ्या जिभेवर दहा सूचना तयार होत्या. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि अर्धा तास तोंड मिटून राहिले. नणंद लांबून माझ्याकडे बघत होती, मला बरं नाहीये की काय म्हणून.

शेवटी त्या मुलीने विचारलं, "इथे चहा मिळतो का?"

मी इतक्या घाईने उठले की दोन खुर्च्या पाडल्या. ती हसली.