सागवानी खण

चंद्रभान बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगचा सुतार होता. यंत्रांभोवती फळ्यांचे खोके ठोकायचे, एवढंच काम. गावाकडे, नगर जिल्ह्यात, त्याच्या वडिलांनी घडवलेले देव्हारे घराघरांत होते. इथे त्याच्या हातात महिनोन्‌महिने रंधासुद्धा येत नसे. म्हणून १९८४च्या हिवाळ्यात दमयंती सिस्टर खोलीवर येऊन म्हणाल्या, "आमच्या जीपला मागे औषधांसाठी खण करून द्याल का?" तेव्हा तो लगेच हो म्हणाला.

सिस्टर एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात होत्या. वाणगावच्या पूर्वेला डोंगरातल्या पाड्यांवर जीप जायची. औषधं पत्र्याच्या ट्रंकांत, एकीवर एक. हवी ती बाटली कायम तळाला, आणि धक्क्यांनी निम्म्या फुटलेल्या.

चंद्रभानने सुटीचे तीन शुक्रवार घालवले. जुनं सागवान मिळवलं, खिळा न मारता सांधे बसवले, पितळी मुठी लावल्या. सिस्टर खणावरून हात फिरवतच राहिल्या. ड्रायव्हर नामदेवने मात्र एक कोपरा उचलून पाहिला आणि खाली ठेवला.

"मिस्त्री, काम झ्याक हाय. पन जड हाय."

"लाकूड आहे, कापूस नाही," चंद्रभान म्हणाला. त्याला राग आला होता.

पुढच्या शुक्रवारी, आपले खण कसे चालतात ते बघायला, तो स्वतः जीपमध्ये बसला. तळाला चार बोल्टने आवळलेले खण जराही हलत नव्हते. पण चढावर जीपची मागची बाजू रुतल्यासारखी वाटत होती.

एका पाड्याच्या अलीकडे दोन माणसं समोरून आली. खांद्यावर बांबू, बांबूला घोंगडीची झोळी. झोळीत ठमी होती, कालपासून कळा देत असलेली. पुढचा तिचा नवरा नवशा, मागचा त्याचा भाऊ भिका. सिस्टरनी पोट तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मूल आडवं होतं. पालघरच्या सरकारी दवाखान्यात न्यायलाच हवं होतं.

मागे आडवं व्हायला जागा नव्हती. तिला कशीबशी खणांच्या कडेला टेकवून बसवलं, नवशा आणि भिकाही सोबत चढले. परतीच्या वाटेवर ओढा होता, आणि पलीकडे उभा चढ. जीप अर्ध्यावर गेली, थरथरली, मागे घसरली. दोनदा तसंच झालं. क्लच जळल्याचा वास सुटला.

नवशा हळूच म्हणाला, "आमी उचलून नेतो, बाई. तुमची गाडी ऱ्हाऊ द्या."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. चंद्रभानला तेच सोसवेना. "नामदेव, पाना दे," तो म्हणाला.

त्याने चारही बोल्ट काढले. औषधं सिस्टरच्या चादरीत बांधली. सगळ्यांनी मिळून खण खाली ओढले. एक कोपरा दगडावर आपटून उभा चिरला. ठमीला घोंगडीवर आडवं केलं, नवशा तिच्या डोक्याशी बसला. जीप चढून दिसेनाशी झाली.

चंद्रभान आणि भिका मागून चालत वाणगावला निघाले. चालता चालता भिकाने विचारलं, "ते लाकूड तुजं व्हतं?"

"हो."

"चांगलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी सिस्टर कारखान्याच्या गेटवर आल्या. ठमी वाचली होती. मूल गेलं होतं.

"आमची अर्धा-पाऊण तासाची खोटी झाली त्या चढावर," चंद्रभान म्हणाला.

"मूल आधीच गेलेलं असावं," सिस्टर म्हणाल्या. त्या खरं बोलत होत्या की त्याची समजूत काढत होत्या, हे त्याला कधीच कळलं नाही.

 आठ दिवसांनी साहेबांना विचारून त्याने तुटक्या खोक्यांचं पातळ प्लायवुड घरी आणलं. खोलीतल्या फरशीवर उताणा झोपला आणि बायकोला, साखरबाईला, म्हणाला, "सुतळीनं मला माप."

"एवढी उंच बाई कुठली असते?"

"असू दे. कळा देताना हातपाय ताणायला जागा लागते."

या वेळी खण बुटके केले, वर माणूस झोपेल असे. पितळी मुठींऐवजी ओढायला नवारीच्या पट्ट्या लावल्या. बाजूंना गिरमिटाने मोठी भोकं पाडून लाकूड आणखी कमी केलं. दिसायला ते खोकेच होते. पॅकिंगच्या काट्यावर ठेवले तेव्हा काटा एकतीस किलोवर थांबला. आधीचे, ओढ्यावरून परत आणल्यावर, ब्याण्णव भरले होते.

महिनाभराने नामदेव चहाच्या टपरीवर भेटला.

"परवा दोन पेशंट आनले, मिस्त्री. एक म्हातारी खणांवर झोपून, एक पोर बाजूला. त्या चढावर गाडी थांबली बी नाय."

चंद्रभानने कप खाली ठेवला. "आणि खण?"

"डावीकडचा वरचा जरा अडतो. सिस्टर म्हनल्या, मिस्त्रीला सांगू नको, उगाच जिवाला लावून घेतो."

"गाडी कुठं उभी आहे?" म्हणत चंद्रभान उठलाच.