एक फाइल सापडत नाही

ताईचा नवरा लोकांचे कान तपासायचा. त्याच्यासाठी तिने एक प्रोग्राम लिहिला होता. पेशंटने हेडफोन लावायचे, आवाज आला की बटण दाबायचं, पडद्यावर आपोआप आलेख उमटायचा. ऑफिसातून आल्यावर, स्वयंपाक उरकून, कित्येक महिने ती त्यावर बसली होती. घरच्या कॉम्प्युटरवर तो झकास चालला.

नवऱ्याने तो दवाखान्यात नेला, उघडायला गेला, तर समोर राखाडी चौकट आली: एक लायब्ररी फाइल सापडत नाही, प्रोग्राम सुरू होऊ शकत नाही. त्याने ताईला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. मग त्याने मेव्हणीला लावला.

ताईच्या या धाकट्या बहिणीला घरात सगळे चिमणी म्हणत. ऑफिसांमधले कॉम्प्युटर बसवायचे, बिघडले की चालू करून द्यायचे, हे तिचं काम. ती आली, नेटवर त्या नावाची फाइल शोधली, प्रोग्रामच्या शेजारी ठेवली, आणि गाडी रुळावर.

ऑफिस सुटल्यावर ताई धावतपळत पोचली तेव्हा दोघं कशावर तरी खळखळून हसत होते.

"तुझी बहीण म्हणजे कमाल आहे," नवरा म्हणाला. "चुटकीसरशी!"

"काही नाही गं, एक फाइल नव्हती," म्हणत चिमणी चहा करायला उठली. साखर कुठे असते हे तिने विचारलं नाही. ताईला ते अजून माहीत नव्हतं.

घोटाळा ताईच्या लगेच लक्षात आला होता. तिच्या मशीनवर प्रोग्राम बनवायची सगळी साधनं होती, त्यामुळे लागणाऱ्या फायली तिथे आयत्याच होत्या. दुसरीकडे त्या नसणारच. शिवाय पेशंटांची माहिती असलेल्या मशीनवर कुठूनतरी उतरवलेली फाइल ठेवणं बरं नव्हतं. हे तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण बोललं की आपण जळतोय असं दिसेल, आणि आपण जळतच होतो, म्हणून ती गुमान चहा प्यायली.

घरी येऊन तिने लागतील त्या सगळ्या फायली प्रोग्रामसोबत बांधून नवा इन्स्टॉलर तयार केला. माहेरी जाऊन आईच्या साध्यासुध्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिला. चालला. घरी परतून पेनड्राइव्ह नवऱ्याला द्यायला गेली, तर तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "चिमणीला ना, माणसं कशी सांभाळायची ते बरोबर कळतं."

पेनड्राइव्ह पर्समध्येच राहिला.

काही दिवसांनी नवऱ्याच्या एका मित्राला त्याच्या दवाखान्यासाठी तोच प्रोग्राम हवा होता. नवऱ्याने परस्पर चिमणीलाच बोलावलं. दुपारी नवऱ्याचा तिथूनच ताईला फोन आला.

"जरा येतेस का?"

"का? चिमणी आहे ना?"

"आहे. पण एक फाइल दिली की प्रोग्राम दुसरी मागतोय."

ताई गेली. बाहेर पेशंट ताटकळले होते. चिमणीचा चेहरा लालबुंद झाला होता. ताईला आतून गार वाटलं. तिने पेनड्राइव्ह लावला, आणि प्रोग्राम उघडला.

"हे आधीच तयार होतं?" चिमणीने विचारलं.

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमचं दोघांचं छान चाललं होतं."

नवरा एकदम खिडकीबाहेर बघायला लागला. चिमणी आपल्या वायरी गोळा करत हळूच म्हणाली, "तुझ्यासारखं लिहिणं मला या जन्मात जमायचं नाही, ताई. आई रोज ऐकवते. एकदाच तुझ्या कामात माझा हात लागला होता. तेवढं तरी राहू द्यायचंस."

त्याच संध्याकाळी तिने नवऱ्याच्या मशीनवरून ती उपटसुंभ फाइल काढून टाकली, मशीन तपासून घेतलं आणि नवा प्रोग्राम बसवला. नवरा शेजारी उभा होता.

दर रविवारी जेवायला येणारी चिमणी त्या रविवारी आली नाही. दुपारी ताईला गॅलरीतून नवऱ्याचा आवाज आला. "अगं वेडे, तुझी ताईच बोलावतेय तुला." तिने कुणालाच बोलावलं नव्हतं. मग तो फोनवर हसला, ताईशी बोलताना कधी हसायचा नाही तसा.

तरी तिने चिमणीचं ताट घेतलं. जरा आदळूनच.