बेचाळीस नंबरची नळी

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तिला चौदा वर्षं झाली होती, आणि तिथं सगळे तिला 'घार' म्हणत. काचेच्या पट्टीवर पसरलेल्या रक्तात एखादीच वाकडी पेशी दडून बसलेली असली, तरी ती तिच्या नजरेतून सुटायची नाही. लॅबच्या डॉक्टर मॅडमसुद्धा शंका आली की खुर्ची सोडून तिच्याकडे येत. "बघा हो जरा," म्हणत.

घरी तिच्या नजरेचं काम वेगळं होतं. कुणाचे मोजे कुठे, सासूबाईंची दुपारची गोळी कोणत्या डबीत, लेकीची सहामाही कधी, दूध किती उरलंय. नवरा घरूनच काम करायचा, आतल्या खोलीचं दार लावून. नऊ वर्षांची लेक शाळेतून यायची ती आजीजवळ बसायची. दोघी मिळून हिला फोन करायच्या.

त्या मंगळवारी लॅबमधल्या दोघीजणी रजेवर होत्या. एरवी रक्ताच्या नळ्यांवर नंबरांच्या पट्ट्या चिकटवायचं काम नवी मुलगी करायची. त्या दिवशी ती रक्त काढायला बाहेर बसली आणि पट्ट्यांचं काम घारीकडे आलं. नळीवर पेनानं लिहिलेलं नाव वाचायचं, यादीत शोधायचं, त्या नावापुढचा नंबर चिकटवायचा. डोळे मिटून करण्यासारखं काम, पण डोळे मिटून करायचं नाही.

नऊ वाजून गेले आणि फोन वाजला. सासूबाई होत्या.

"अगं, मशीनवाला आलाय. पाणी गळतंय म्हणून तूच बोलावलं होतंस ना? तो गॅरंटीचं कार्ड मागतोय."

"यांना विचारा ना, आई. घरातच आहेत."

"तो कामात आहे गं. दार लावलंय. त्याला कसं उठवू?"

"कपाटाच्या वरच्या खणात, निळ्या पाकिटात."

तिनं पुढची नळी उचलली. दोन मिनिटांत शाळेतून फोन. लेकीनं चित्रकलेची वही आणली नव्हती. मग पुन्हा सासूबाई, निळं पाकीट सापडत नाही म्हणून. मग खुद्द नवरा.

"अगं, कुठे ठेवतेस तू एकेक वस्तू? माझी मीटिंग चालू आहे आणि आई दार वाजवतेय."

फोन खांद्यानं कानाशी दाबून धरत ती म्हणाली, "वरच्या नाही, खालच्या खणात बघा. माझंच चुकलं." आणि बोलता बोलता हातातल्या नळीवर बेचाळीस नंबर चिकटवला. एक्केचाळीस शेजारच्या नळीवर गेला.

दुपारी बेचाळीस नंबरची काचपट्टी भिंगाखाली धरली आणि ती ताठ बसली. रक्ताचा कर्करोग. चूक होणं शक्यच नव्हतं. यादीत नाव होतं एका सव्वीस वर्षांच्या बाईचं. अशक्तपणा वाटतो म्हणून तपासायला आलेली. घार मॅडमकडे गेली. मॅडमनी पाहिलं, मान हलवली. "बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या आणि सही केली.

निदान बरोबरच होतं. रक्त दुसऱ्याचं होतं.

शुक्रवारी एका म्हाताऱ्या रुग्णाच्या डॉक्टरांचा फोन आला. वर्षभर कर्करोगाचे उपचार चाललेल्या माणसाचं रक्त तरण्याताठ्या माणसासारखं कसं काय आलं, असं ते विचारत होते. मॅडमनी कपाटातून दोन्ही नळ्या मागवल्या. नंबराची पट्टी सोलली. बेचाळीसच्या खाली पेनानं लिहिलेलं नाव त्या म्हाताऱ्याचं होतं.

त्या सव्वीस वर्षांच्या बाईला बोलावून घेतलं. नवऱ्याबरोबर ती आली. मॅडमनी सगळं नीट समजावलं, माफी मागितली. बाईचा नवरा खुर्चीत मटकन बसला आणि रडू लागला. ती मात्र उभीच होती.

"कुणी केलं हे?" तिनं विचारलं.

"मी," घार म्हणाली.

बाई तिच्याकडे वळली. "माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. त्याला माझी सवय सुटावी म्हणून दोन दिवस मी त्याला जवळ घेतलं नाही. तो दाराशी बसून रडत होता आणि मी आतून कडी लावून बसले होते. तुम्हाला मूलबाळ आहे?"

"मुलगी आहे."

"मग?"



ती दोघं गेल्यावर मॅडमनी दार लावून घेतलं. "असं कसं झालं हो? तुमच्या हातून? त्या वेळी काय चाललं होतं?"

निळं पाकीट, वरचा खण, खालचा खण. हे सांगायचं कसं? हसं झालं असतं. "लक्ष नव्हतं," ती म्हणाली.

मॅडमनी तिला वाचवायचा प्रयत्न केला. पण वरचे लोक ऐकेनात. सोमवारी तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला. नव्या मुलीनं तिचा पांढरा कोट घडी करून पिशवीत घालून दिला.

घरी सगळ्यांना एकत्र बसवून तिनं सांगितलं.

नवरा म्हणाला, "जाऊ दे. झालं ते बरंच झालं. तुझीच ओढाताण होत होती. एक ना धड, भाराभर चिंध्या. आता शांतपणे घर बघ."

"हो गं," सासूबाई मायेनंच म्हणाल्या, "दुपारी चार घास गरम मिळतील मला."

लेक तर उड्याच मारायला लागली. "म्हणजे रोज तू येणार मला न्यायला? रोज?"

सगळे इतके खुशीत होते, की रडायलाही जागा उरली नाही. ती उठली आणि भांडी घासायला लागली.

महिना गेला. एका सकाळी दूध तापत ठेवलेलं असताना नव्या मुलीचा फोन आला. आवाज घाबराघुबरा.

"ताई, एक काचपट्टी बघतेय. पेशी मोठ्या आहेत, पण कडा विचित्र आहेत. मॅडम अजून आल्या नाहीत. काय समजू?"

हात पुसून ती खिडकीशी गेली. "घाई करू नकोस. आधी पट्टीच्या टोकाकडे जा, तिथे थर पातळ असतो. आता मला सांग, मधला गाभा कसा दिसतो? गोल, की खाच पडलेला? आत ठिपके आहेत?" डोळे मिटले तर तिला ते सगळं दिसत होतं, जांभळं, स्वच्छ. "रंग कसा चढलाय? सावकाश बघून सांग..."

"अं... राहू द्या ताई, मॅडम आल्या. ठेवते हं."

फोन बंद झाला. तरी तिनं तो कानाशी तसाच धरून ठेवला. जळका वास घरभर पसरला होता.

आतल्या खोलीचं दार उघडलं. नवरा नाक मुरडत बाहेर आला, गॅस बंद केला आणि काळ्या पडलेल्या पातेल्यात डोकावला.

"कमाल आहे," तो म्हणाला, "आता तर दिवसभर घरीच असतेस ना?"

"हो," ती म्हणाली.