सालीचा शेक

जुरेमाच्या जिभेला हाड नव्हतं. काम्पिनास शहरातल्या सरकारी बाळंतपणाच्या दवाखान्यात ती बाकावर टेकली, की दिवस भरत आलेल्या बायासुद्धा पोट धरून हसायच्या. तिची पोटुशी लेक तैनारा मात्र कपाळाला हात लावायची.

तैनाराच्या गर्भपिशवीचं तोंड आखूड निघालं. पोर वेळेआधीच बाहेर यायची भीती. म्हणून डॉक्टरीण ग्लाउसियानं त्या तोंडाभोवती सिलिकॉनची मऊ कडी बसवली. तैनारा शेजारच्या खोलीत कपडे चढवत होती, तेवढ्यात डॉक्टरणीनं जुरेमाला बजावलं, "कडीमुळे अंगावरून पांढरं जास्त जाईल. जाऊ द्या. तिथलं पाणी आज तपासायला घेतलंय, महिन्यानं परत घेऊ. परकी वस्तू आत बसली की शरीराची प्रतिकारशक्ती चवताळते का, ते बघायचंय. तोवर आत काही घालायचं नाही. झाडपाल्याचा शेकसुद्धा नाही. लेकीला नीट सांगा."

"अहो, माझा नवरापण परकी वस्तूच! लग्न झाल्यापासून चवताळलेय मी!"

डॉक्टरीण हसली, नर्स हसली, आणि लेकीला सांगायचा निरोप त्या हशातच राहिला.

पुढं पांढरं इतकं जायला लागलं की तैनारा रडकुंडीला आली. जुरेमानं बाजारातून बार्बातिमांव नावाच्या झाडाची साल आणून उकळली. तिच्या आईनं तिला ह्याच काढ्यात बसवलेलं, आईला आजीनं. लालसर कोमट पाणी टबात ओतलं, तेव्हा डॉक्टरणीचं बोलणं तिला आठवलं. चांगलं आठवलं.

"आई, डॉक्टरला चालेल ना?"

"न चालायला काय झालं? तिची आजीपण ह्यातच बसली असेल. टेक मुकाट."

पांढरं कमी झालं. जुरेमानं गल्लीभर मिरवून घेतलं. शेक रोजचाच झाला.

महिन्यानं डॉक्टरणीनं आत बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"लालेलाल झालंय गं. सोलल्यासारखं. काही औषध लावलंस?"

"नाही हो," तैनारा म्हणाली. शेक म्हणजे औषध थोडंच! घरोघरी बाया बसतात.

"मग तुझं शरीर कडी सोसत नाहीये. काढावी लागेल, आजच."

"आणि बाळ?"

"गोळ्यांवर धरून ठेवायचा प्रयत्न करू."

तैनारानं आईचा हात घट्ट पकडला. गप्प राहिलं तर कुण्णाला कळणार नव्हतं. पोरगी हात धरूनच राहिली असती. नर्सनं चिमटा उचलला.

"काढू नका," जुरेमा म्हणाली. "शेक दिलाय मी. सालीचा. रोज."

नर्सला वाटलं, बाईची नेहमीची थट्टा. ती हसली. बाकी कुणी हसलं नाही.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, जुरेमाबाई."

"सांगितलं होतं. हिला नाही सांगितलं मी."

तैनारानं हात सोडवून घेतला.

डॉक्टरणीनं डोळे चोळले. "आता ही आग सालीची की कडीची, कसं ओळखू मी? ह्या पाण्याचा तपासणीला काही उपयोग नाही." मग ती तैनाराकडे वळली. "शेक बंद. आठवडाभर कडी ठेवून बघू. निवळलं तर साल होती. नाही निवळलं तर काढू. चालेल?"

"चालेल."

"पण साल अंगाला चांगलीच असते हो, माझ्या आईनं…" जुरेमाच्या तोंडून निघून गेलं.

"आई."

एवढंच.

बसथांब्यावर जुरेमानं लेकीची पिशवी घ्यायला हात पुढं केला. तैनारानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर टाकली.

"पुढच्या वेळी तू बाहेर बसायचं. डॉक्टर काय सांगतात ते माझं मी ऐकेन."

"बरं."

"आणि घरी गेल्यावर टब शेजारणीला देऊन टाक."

"बरं," जुरेमा म्हणाली. बस आली. एकच जागा रिकामी होती. तैनारा बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. जुरेमा दांडा धरून तिच्या शेजारी उभी राहिली. पुढचा आठवडा कसा जाणार, ह्याच्यावर तिला एकही विनोद सुचेना.