शेवटी बोलायचा नियम

आमच्या पुलगावच्या कॉलेजात हरिदास आणि मी मिळून एक वर्ग चालवायचो. ग्रामनेतृत्व वर्ग. कल्पना त्याची, नाव मी दिलेलं, आणि चूक कोणाची म्हणाल तर ती माझी. हे आधीच सांगून मोकळा होतो. थांबून थांबून बोलायच्या माझ्या खोडीनंच सगळा घोळ झालाय, आता इथं तरी थांबत नाही.

साल चौऱ्याहत्तर. मी राज्यशास्त्र शिकवायचो, हरिदास अर्थशास्त्र. कॉलेजातली मुलं परीक्षेपुरतं शिकायची आणि नोकरीच्या मागे लागायची. मग गावात राहणाऱ्यांना कोण शिकवणार? म्हणून आम्ही आर्वी, कारंजा, समुद्रपूर अशा तालुक्यांतून दरवर्षी वीस माणसं निवडायला लागलो. शेतकरी, किराणा दुकानदार, चारदोन बायाही. शनिवारी दुपारी एसटीनं यायची, रविवारी संध्याकाळी परत. सहा महिने हे चालायचं. अर्ज कसा लिहावा, ठराव कसा मांडावा, साहेबाच्या टेबलापुढे उभं राहिल्यावर जीभ टाळूला चिकटू नये म्हणून काय करावं, हे सगळं शिकवायचो. हरिदास त्यांना हसवायचा. मी नियम करायचो.

नियमांचं मला भारी वेड. कापडगिरणीत कामाला असलेल्या डोमाजीनं एक जुनी लाकडी बाबीन आणून दिली होती, सूत गुंडाळायची. सतरंजीवर सगळ्यांनी गोल बसायचं आणि बाबीन हातोहात फिरवायची. ज्याच्या हातात बाबीन, त्यानंच बोलायचं. आणि जो पुढारी असेल त्यानं ती सगळ्यांच्या शेवटी घ्यायची. ‘पुढारी शेवटी बोलतो’ असं मी फळ्याच्या वर ऑइलपेंटनं लिहूनच घेतलं होतं. गावात काय होतं, पाटील किंवा सरपंच पहिल्यांदा बोलतो आणि मग बाकीचे नुसत्या माना हलवतात. ते मोडायचं होतं मला. नियम वाईट नव्हता हो. आजही मी तो वाईट म्हणणार नाही. पण चांगला नियम कुठं गुंडाळून ठेवायचा, हे कळायला अक्कल लागते, आणि ती माझ्यापाशी नव्हती.

शहात्तरच्या तुकडीत कोकिळाबाई आली. कारंजा घाडग्याच्या बाजूचं नांदखेडा तिचं गाव. तिशीची असेल. पहिले दोन शनिवार बाबीन हातात आली की नुसती गरगर फिरवायची आणि पुढे द्यायची. तिसऱ्या शनिवारी बोलली, ती पंधरा मिनिटं थांबलीच नाही. हरिदास माझ्या कानाशी म्हणाला, “चंद्रभान, हे बाई आपल्या दोघायले विकून खाईल पाहा.”

तिचं म्हणणं एवढंच होतं. नांदखेड्यात शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा नाल्यापलीकडे, हायवेच्या गावात. उन्हाळ्यात नाला कोरडा असतो, पण पावसाळ्यात कमरेइतकं पाणी. चार महिने शाळेची वाट बंदच व्हायची. मोठे मुलगे कसेबसे पाणी कापत जायचे, बहुतेक मुलींचं मात्र नावच कटायचं. कोकिळाबाईची सुलोचना तेव्हा सहावीत, वर्गात पहिली यायची. नवरा किसनराव माणूस वाईट नव्हता, पण भ्यालेला. त्याचा धाकटा भाऊ त्याच नाल्यात गेला होता. त्यानं बायकोला सांगून टाकलं होतं, “यंदा रपटा मंजूर झाला तं शिकव तिले दहावीपर्यंत. नाई तं पावसाळ्याच्या आत मी पोरीचं नाव काढतो.” रपटा म्हणजे नाल्यावरचा तो ठेंगणा पूल. शाळेच्या वाटेवर तो झाला की सुलोचना शिकणार, नाही झाला की घरी बसणार. असं सरळ होतं.

बाईनं काय काय केलं सांगू! दोरी घेऊन नाला तीन जागी मोजला. घरोघर जाऊन बासष्ट सह्या आणि अंगठे गोळा केले. अर्ज आमच्या वर्गात बसून लिहिला, चारदा फाडला आणि पाचव्यांदा लिहिला. मला वाटलं, जन्म सार्थकी लागला आपला.

रपट्याचे पैसे आले होते, जागा ठरायची होती. सत्त्याहत्तरच्या एप्रिलमध्ये त्यासाठी नांदखेड्यात ग्रामसभा लागली, जागेवर सही करायला पंचायत समितीचे साहेब जीपनं यायचे होते. सरपंच रूपराव यांना रपटा कोसभर खाली हवा होता, त्यांच्या संत्र्याच्या बगीच्यापाशी. ट्रक थेट आत येईल म्हणून. मुलांनी तिथून जायचं तर दोन कोसांचा फेरा, त्यातही अर्धा हायवेवरच्या ट्रकांमधून. कोणता बाप पोरगी पाठवेल?

हरिदासला त्या दिवशी परीक्षेची ड्युटी लागली. आदल्या दिवशी मला म्हणाला, “तिले सांगजो, पयलेच उठून बोल मनावं. जीपवाला साहेब शेवटापर्यंत बसत नाई.”

मी म्हणालो, “अरे, सहा महिने आपण तिला काय शिकवलं?”

“आपण काय शिकवलं थे साहेबाले ठाऊक हाये का?” तो म्हणाला.

मी ऐकलं नाही. ऐकायचंच नव्हतं. वर्ग गावात उतरलेला मला डोळ्यांनी पाहायचा होता, अगदी फळ्यावर लिहिल्याबरहुकूम.

सभा शाळेपुढच्या कडुनिंबाखाली होती. साहेब खुर्चीवर, रूपराव त्यांच्या शेजारी. मी पाहुणा म्हणून बाकावर, कोकिळाबाई माझ्यासमोर बायांमध्ये जमिनीवर. बासष्ट सह्यांचा अर्ज माझ्या खांद्यावरच्या शबनम पिशवीत होता. तिनंच दिला होता, “सर, घामानं अक्षरं फुटतीन, तुमी धरा,” म्हणून. रूपराव उठले आणि बोलले. संत्र्याला भाव, गावाला मजुरी, ट्रक, प्रगती. मग साहेब घड्याळ पाहत म्हणाले, “आणखी कोणाला काही बोलायचंय?”

कोकिळाबाई उठायला लागली. गुडघ्यावर हात ठेवून अर्धी उठलीच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

आणि मी हातानं तिला खाली बसवलं.

तळहात असा खाली दाबून. थांब, म्हणालो हातानं. आधी बाकीच्यांना बोलू दे, तू पुढारी आहेस, तू शेवटी. माझ्या डोक्यात बाबीन फिरत होती हो! तिच्यामागे बासष्ट माणसं आहेत, एकेक उठेल, एकेक बोलेल, आणि शेवटी ही उठून सगळ्यांचं सार मांडेल. असं मस्त चित्र. पण ती बासष्ट माणसं तिच्या तोंडाकडे पाहत होती. ती बसली, तसे सगळेच बसून राहिले. पुढारी बोलल्याशिवाय आपण बोलायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. सगळं गाव गप्प. एक मिनिट गेलं असेल, फार तर दीड.

“म्हणजे हरकत नाही कोणाची,” साहेब म्हणाले आणि कागदावर सही केली.

जीप सुरू झाली तेव्हा कोकिळाबाई उठली आणि “साहेब! ओ साहेब!” म्हणत धावली. धुळीत पंचवीस-तीस पावलं धावली असेल. मी अर्ज शबनममधून काढेपर्यंत जीप गावाबाहेर होती.

आता यापुढची गोष्ट सांगताना माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं. वर्षाच्या अहवालात मी काय लिहिलं? ‘श्रीमती कोकिळाबाई यांनी ग्रामसभेत अनुकरणीय संयम दाखवला.’ संयम! निरोपाच्या समारंभात ती बाबीन मी तिलाच सन्मान म्हणून दिली. टाळ्या वाजल्या. ती बाबीन पदराखाली धरून खाली मान घालून उभी होती. हरिदास मागच्या रांगेतून उठला आणि निघून गेला.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. तो म्हणाला, “तू तिले बसवलं, चंद्रभान. सांगितलं का तिले, का माझी चूक झाली मनून?”

“वेळ आली की सांगेन,” मी म्हणालो.

“तुही वेळ शेवटीच येते,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं वर्ग सोडला. मी एकट्यानं दोन वर्षं रेटला, मग माणसं यायची थांबली. हरिदास बदली घेऊन गेला. मी त्याला एक कार्डही टाकलं नाही. हट्टी माणूस मी, काय सांगू.

शहाऐंशीत निवृत्त झालो. कपाट रिकामं करताना जुन्या शबनममध्ये तो अर्ज सापडला. घडीवर शाई पसरलेली, पण बासष्ट सह्या-अंगठे जसेच्या तसे. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी आर्वीवरून कारंजाची एसटी धरली.

नांदखेड्यात पोचलो तर दुपार टळायला आली होती. कोकिळाबाईच्या अंगणात दहा-बारा बाया गोल बसल्या होत्या. मधे बाबीन. मला पाहून ती उठली, केस पांढरे झालेले. “या सर, अगदी टायमावर आले,” म्हणाली आणि माझ्यासाठी पोतं अंथरलं. शाळेच्या वाटेवर दुसरा रपटा मागायचा म्हणून बैठक चालली होती. नऊ वर्षांनी तोच नाला, तीच मागणी.

मला आतून बरं वाटलं, लपवत नाही. म्हटलं, नियम जगला आपला. मी म्हणालो, “फिरवा बाबीन. तुम्ही शेवटी, ना?”

“नाई सर,” ती म्हणाली. “थो नियम आमी बदलवला. ज्याचं दुखते, त्यानं पयले बोलाचं.” आणि तिनं बाबीन शेजारी बसलेल्या मुलीच्या हातात दिली. कडेवर लेकरू, गळ्यात काळी पोत. मी ओळखलं नाही.

“मी सुलोचना,” ती मुलगी म्हणाली, माझ्याकडेच पाहत. “सहावीत नाव काढलं माहं. दोन सालं मी नाल्याच्या काठावर जाऊन बसो. तिकडची घंटी इकडे ऐकू ये. कोन्ता तास सुरू हाये, थे मी घंटीवरून सांगो. मंग लगीन झालं. मले मास्तरीन व्हाचं होतं.” एवढंच बोलली आणि बाबीन माझ्या हातात ठेवली.

हलकी होती. सूत नसलेली बाबीन ती, किती वजन असणार? पण मला धरवेना. मी शबनममधून अर्ज काढला आणि पुढ्यात पोत्यावर ठेवला. म्हणालो, “कोकिळाबाई, त्या दिवशी तुम्ही उठत होतात. मी हातानं तुम्हाला बसवलं. कदाचित तुमच्या लक्षातही आलं नसेल. माझ्यामुळं झालं ते. या पोरीचं शिक्षण माझ्यामुळं बुडालं.”

कोकिळाबाईनं अर्ज उचलला, घडी उलगडली, किसनरावाच्या अंगठ्यावर बोट ठेवलं.

“दिसला होता सर तुमचा हात,” ती म्हणाली. “मी बसली थे तुमच्या हातामुळंच बसली. घरी सुलोचनाच्या बापानं मले किती बोल लावला, पोरीनं सहा मयने तोंड नाई दाखवलं मले. तरी मी कोनाले नाव नाई सांगतलं. मनलं, सर मोठे मानूस हायेत, थे स्वतः येऊन सांगतीन.” तिनं अर्ज पुन्हा घडी करून माझ्याच हातात दिला. “पोरगी माह्यावर रुसली होती तवा आले असते, तं तिले सांगता आलं असतं. नऊ सालं लावले सर तुमी.”

सुलोचना उठली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.