दसऱ्याची रजा

लॉन कापायच्या मशीनचा पट्टा तुटला आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर. का? तर दसऱ्याच्या पूजेला मी हजर नव्हतो.

हे ज्ञान पाजळलं बाळाजीने. बाळाजी म्हणजे आमच्या लॉन्सचा मॅनेजर. बदलापुरात बारवीच्या रस्त्याला हरिचंद्र शेठचं लग्नाचं लॉन्स आहे. भलंमोठं हिरवं मैदान आणि एका टोकाला स्टेज. ढकलायच्या मशीनने एवढं कापायचं तर माणूस अर्धा होईल, म्हणून शेठने वर बसून चालवायची मशीन घेतली. ती मी चालवतो. अंबरनाथची कंपनी बंद पडेपर्यंत मी तिथे फिटर होतो, त्यामुळे मशीनची दुरुस्तीही माझ्याच गळ्यात.

पूजेला मी नव्हतो हे खरं आहे. दसऱ्याला मी नागपूरला असतो, दीक्षाभूमीवर. माझ्या आजोबांनी छप्पन साली तिथे दीक्षा घेतली. बाप दरवर्षी जायचा, आता मी जातो, सोबत बायको माया आणि मुलगी किर्ती. बाकी वर्षभर रविवार म्हणू नका, सण म्हणू नका, लग्नसराई म्हणू नका, मी कामावर. मागणी एकच, दसऱ्याची रजा. कामाला लागतानाच शेठला स्पष्ट बोललो होतो. शेठ म्हणाले, "जा रे बबन, आपापला देव ज्याचा त्याला." आता आम्ही तिथे देवाला जात नाही, पण म्हटलं कुठे समजावत बसू, रजा मिळतेय ना.

तर शेठच्या मुलीचा, प्रगतीचा साखरपुडा दोन दिवसांवर आलेला, गवत घोट्यापर्यंत वाढलेलं आणि मशीन मैदानाच्या मधोमध उभी राहिली. इंजिन चालू, पण चाक हलेना. खाली वाकून बघतो तर इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा पट्टा तुटून लोंबतोय. बाळाजी आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"दसऱ्याला सगळ्यांनी मशीनची पूजा केली. चालवणारा तेवढा गायब. तुम्हा लोकांना त्याचं काही नसतं, पण मशीनला असतं."

ते 'तुम्हा लोकांना' माझ्या कानात गरम तेलासारखं गेलं. म्हटलं, "बाळाजी, मशीनला पट्टा असतो. तो तुटलाय. दुसरं काही नसतं."

"शेठच्या कानावर घातलंय मी. पुढच्या वर्षी बबनच्या रजेचं बघायला लागेल, म्हणाले."

बाळाजीचं पुढचं बोलणं मी नीट ऐकलंही नाही. आधी नारळ फोडू, मग पट्टा आण, असं काहीतरी चाललं होतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मी तुटका पट्टा खांद्यावर टाकला आणि सरळ उल्हासनगर गाठलं.

तिथल्या सिंधी दुकानदाराने पट्टा काउंटरवर ताणला, त्याच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "ये घिसा नहीं है भाई, कटा है. अंदर कुछ फसा है. पहले वो निकाल, नहीं तो नया भी जाएगा." रागाच्या भरात मी ते बघितलंच नव्हतं. एका बाजूची कड पात्याने तासावी तशी तासलेली होती. त्याने त्याच मापाचा, त्याच जाडीचा पट्टा काढून दिला.

परत येऊन बॅटरीची वायर सोडली, पात्यांचा अख्खा डबा खालून ओढून काढला, ब्रेक दाबून अडकवला म्हणजे स्प्रिंगचा ताण उतरतो, आणि विटांवर चढवलेल्या मशीनखाली पाठीवर पडलो. इंजिनाखालच्या पुलीच्या खाचेत नायलॉनचा दोरा होता. फिरून फिरून, वितळून दगडासारखा बसलेला. स्क्रूड्रायव्हरने उकरला तर त्याच्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या.

वॉचमन सोनू बाजूला उभा होता. तो म्हणाला, "बबनभाऊ, तुम्ही नागपूरला होता ना, त्या दिवशीचं आहे हे." त्याने मोबाईल काढून व्हिडिओ दाखवला. मशीनला हार घातलाय, तो पार खालपर्यंत लोंबतोय, आणि वर राजासारखा बसून मैदानाला फेऱ्या मारतोय कोण, तर बाळाजी. अर्ध्या फेरीत हाराचं टोक खाली ओढलं गेलं, तरी साहेबांचं हात हलवणं चालूच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पूजेला माझी हरकत नाही, खुशाल करा. पण माझी रजा वाचली होती. शिट्टी वाजवत मी नवा पट्टा ओवला, पुढच्या पुलीवरून मागे, मधल्या दोन छोट्या पुल्यांच्या आतून, कुठे पीळ पडला नाही ना ते बोट फिरवून बघितलं. मशीन सुरू केली, पाव मैदान कापून खात्री केली आणि तो दोरा मुठीत धरून तडक शेठच्या ऑफिसात गेलो. बाळाजीही तिथेच मांडववाल्याशी बोलत होता.

"शेठ, हे बघा. पूजेच्या हाराचा दोरा. बाळाजीने हारासकट मशीन फिरवली, हा आत गेला आणि ह्याने पट्टा कापला. माझ्या रजेचा ह्यात काही संबंध नाही."

शेठने दोरा हातात घेतला. पाकळी दिसली तसा आधी कपाळाला लावला, मग टेबलावर ठेवला. सोनूचा व्हिडिओही शांतपणे बघितला.

"बाळाजी, अक्कल गहाण ठेवली होती काय रे?"

बाळाजीची मान खाली गेली. मी मनात म्हटलं, चला, संपलं. मग शेठ माझ्याकडे वळले. आवाज एकदम गोड.

"बबन, तू असतास तर हार असा बांधू दिला असतास?"

"नाही, शेठ."

"मशीन ह्याच्या हातात दिली असतीस?"

"नाही."

"मग मी तेच तर म्हणतोय. त्या दिवशी जबाबदार माणूस पाहिजे इथे. पुढच्या दसऱ्याला तू थांब. नागपूर काय पळून चाललंय? दुसऱ्या दिवशी जा, दोन दिवस जा, मी नाही म्हणणार नाही."

ज्या दोऱ्याने रजा वाचवायची, तो मीच शोधला, मीच उकरला आणि मीच नेऊन दिला. तोंडापर्यंत आलं होतं की शेठ, दुसऱ्या दिवशी तिथे झाडू मारणारे असतात. पण ह्या वयात मला कुठली कंपनी घेणार? आणि किर्तीचं कॉलेज अजून अर्ध्यावर आहे. मी म्हटलं, "बरं, शेठ." बाळाजीने हळूच मान वर केली. मी जाऊन उरलेलं मैदान कापलं, गालिच्यासारखं. लाज वाटली स्वतःची, पण कापलं.

घरी आलो तेव्हा माया जीन्सचे धागे कापत बसली होती. उल्हासनगरच्या कारखान्याचं काम ती घरी आणते. किर्ती तिला मदत करत होती. मी सगळं सांगितलं. हार सांगितला, व्हिडिओ सांगितला, बाळाजीची मान खाली गेली तेही रंगवून सांगितलं. मायाने कात्री खाली ठेवली.

"मग शेवटी तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणालो."

"दरवर्षी तिथे उभं राहून एवढ्या मोठ्याने बावीस प्रतिज्ञा म्हणता. शेजारची माणसं वळून बघतात. तो आवाज कुठे गेला?"

"माया, नोकरी आहे ती."

"मी कुठे सोडा म्हणते? करा नोकरी. तुम्ही त्यांचं गवत सांभाळा." मग ती किर्तीकडे वळली. "पुढच्या वर्षी तिकिटं काढशील तेव्हा दोनच काढ."

किर्तीच्या मांडीवर जीन्स तशीच राहिली. मी काही बोलेन म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मायाची कात्री उचलली आणि पुढच्या जीन्सचे धागे कापायला लागलो.