अर्ध्या प्रश्नाची ढाल

माझा धंदा दुसऱ्यांचा आवाज मोठा करण्याचा. माइक, कर्णे, वायरींची भेंडोळी आणि ढकलल्याशिवाय सुरू न होणारी एक व्हॅन, एवढा माझा पसारा. जिथे कुणाला तरी पुष्कळ सांगायचं असतं आणि बाकीच्यांना काहीच ऐकायचं नसतं, तिथे मला बोलावतात. इतकी वर्षं आवाजाच्या मिक्सरमागे बसून एक गोष्ट मला कळली आहे. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, तोच माइकवर सगळ्यात जास्त टिचक्या मारतो.

शाळांच्या सामान्यज्ञान स्पर्धेचं काम दरवर्षी माझ्याकडेच असतं. बझरही माझेच. प्रश्न विचारतात एक निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना 'ज्ञानकोश' म्हणतात आणि ते म्हणू देतात. आवाज भारदस्त, हातात पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, आणि प्रत्येक चिठ्ठी वाचण्याआधी एक दीर्घ श्वास. बघणाऱ्याला वाटावं, आता हे विश्वाचं गुपितच फोडणार.

या स्पर्धेची एक रीत पडून गेली आहे. जो आधी बझर दाबेल त्याला उत्तराची संधी, म्हणून मुलं लवकर दाबू लागली. प्रश्न दरवर्षी तेच, म्हणून शाळांनी प्रश्नांची फक्त सुरुवात पाठ करून घ्यायला सुरुवात केली. 'त्रिकोणाच्या' एवढं कानावर पडलं की बझर, आणि 'एकशे ऐंशी अंश!' 'वनस्पतींमधील' म्हटलं की 'हरितद्रव्य!' पूर्ण प्रश्न त्या सभागृहात कित्येक वर्षांत कुणी ऐकलेला नाही. पालकांना तर ही बुद्धिमत्ताच वाटते. ते टाळ्या वाजवतात आणि शेजारच्याला सांगतात, "बघा, प्रश्न संपायच्या आत उत्तर!" प्रश्न काय होता ते शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं, पण तो मान हलवतो.

यंदा माझी भाची संघात होती, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. लेखी परीक्षेत पहिली आली, म्हणून नियमाप्रमाणे तीच कर्णधार. शाळेत तिला 'मालगाडी' म्हणतात, कारण ती समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेते आणि मग बोलते. घरी मी "अगं, मला जरा" एवढं म्हटलं की बहीण चहा आणते, मेहुणे चष्मा देतात. भाची मात्र माझ्याकडे बघत उभी राहते. मग वाक्य पुरं करायला जावं तर माझ्याच लक्षात येतं की मला नक्की काय हवं होतं ते मलाच ठाऊक नाही. या पोरीचा कधीकधी फार राग येतो.

तिला शनीची कडी बघायची होती, चित्रात नव्हे, दुर्बिणीतून स्वतःच्या डोळ्यांनी. वेधशाळा लांब, डोंगरावर. मी तिला अधूनमधून म्हणायची, "एकदा ना, आपण दोघी" आणि तेवढ्यात माझा फोन वाजायचा. असं बऱ्याचदा झालं. यंदा स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने जाहीर केलं की जिंकणाऱ्या संघाला वेधशाळेच्या सहलीला नेणार. तेव्हापासून पोरीने झोपायच्या खोलीच्या दारावर शनीचं चित्र चिकटवलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी मी मंचावर वायरी चिकटवत असताना त्यांचे तयारीचे सर तिच्याजवळ आले.

"हे बघ, आज तुझा बझर वाजला नाही तर पुढच्या वर्षी संघात तुझी जागा नाही. समजलं?"

"हो, सर."

"प्रश्न ऐकत बसायचं नाही."

"मग काय ऐकायचं, सर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. चूक माझीच असावी, असा त्यांचा चेहरा होता.

"बाई, तुमची भाची हुशार आहे हो. पण नुसती हुशारी काय चाटायचीय?"

समोरच्या संघाचा कर्णधार म्हणजे 'सुसाट'. याचा अंगठा बझरवरून जेवतानाही उचलला जात नसावा. ज्ञानकोशांनी श्वास घेतला की हा दाबायचा. आमच्या संघातली दुसरी मुलगीही काही कमी नव्हती, तिने शाळेची लाज राखली. भाची आपली शांत. दोन-तीनदा तिने तोंड उघडलं, पण तोवर प्रश्न, उत्तर आणि टाळ्या सगळं उरकलेलं असायचं.

शेवटी बरोबरी झाली. निर्णायक प्रश्न फक्त कर्णधारांना. तयारीचे सर पहिल्या रांगेत डोकं धरून बसले. मला त्या क्षणी ज्ञानाशी काही देणंघेणं नव्हतं, आमच्या पोरीला शनी दिसायला हवा होता, बस.

ज्ञानकोशांनी श्वास घेतला. "पृथ्वीवरील सर्वांत मोठा..."

बझर. "निळा देवमासा!" सुसाट ओरडला. त्याचे पालक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

ज्ञानकोशांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "चूक," ते म्हणाले, आणि त्यांनाच धक्का बसल्यासारखं वाटलं. असं कधी झालंच नव्हतं.

नियमावलीत लिहिलं होतं की उत्तर चुकलं तर प्रश्न दुसऱ्या संघाला पूर्ण वाचून दाखवावा. हा नियम वापरायची वेळ तोवर आलीच नव्हती. संस्थेच्या अध्यक्षबाईंनी तो मोठ्याने वाचला आणि ज्ञानकोशांना खूण केली.

"पृथ्वीवरील सर्वांत मोठा," ज्ञानकोश म्हणाले. मग थांबले. मग पुन्हा म्हणाले, "सर्वांत मोठा... ओळखा."

भाचीने माइक जवळ ओढला. "सर, सर्वांत मोठा काय?"

"ते सांगितलं तर उत्तरच सांगितल्यासारखं होईल!"

पहिल्या रांगेत तयारीचे सर दोन्ही हातांनी लाटा करून दाखवू लागले. मोठ्या लाटा, अगदी खुर्चीतून उठून. पाठ केलेल्या यादीत फक्त याच सुरुवातीची दोन उत्तरं होती, देवमासा आणि प्रशांत महासागर. पहिलं चुकलं की दुसरं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. 'बोल ग बाई, बोल,' मी मनातल्या मनात म्हणत होते.

"सर," भाची म्हणाली, "प्रश्न पूर्ण करा ना. मग सांगते."

ज्ञानकोशांनी माइक तळहाताने झाकला आणि ते अध्यक्षबाईंकडे वाकले. माइक हाताने झाकला की आवाज बंद होतो, असा मोठ्या माणसांचा समज असतो. खरं म्हणजे कुणी माइक झाकला की मिक्सरवरची आवाजाची पट्टी मीच खाली ओढते. ही आमच्या धंद्यातली माणुसकी. ज्ञानकोशांसाठी तर मी ती इतक्या वर्षांत किती वेळा ओढली असेल.

त्या दिवशी मी ती वर ढकलली.

"अहो, पुढचं मी लिहीतच नाही," कर्ण्यांतून ज्ञानकोशांचा भारदस्त आवाज घुमला. "अर्धाच लिहितो, आणि खाली उत्तर. पुढचं ऐकतंय कोण?"

आधी मागच्या रांगेतली मुलं हसली, मग पालक, मग चहा आणून देणारेही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्ञानकोश हातातली चिठ्ठी उलटसुलट करून बघत होते, जणू मागच्या बाजूला उरलेला प्रश्न सापडेल. मला त्यांची कीव आली नाही. खोटं कशाला बोलू, मजा आली.

वेळ संपल्याची घंटा झाली. अध्यक्षबाईंनी शेजारच्या दोघांशी चर्चा केली आणि निकाल दिला. ढाल आणि सहल सुसाटच्या संघाला, कारण त्यांनी, चुकीचं का होईना, वेळेत उत्तर दिलं होतं. हसणारे सगळे पालक लगेच टाळ्या वाजवू लागले. ज्ञानकोशांनी आभाराचं भाषण केलं, आणि ते मात्र पूर्ण लिहून आणलेलं होतं. तयारीच्या सरांनी भाचीजवळून जाताना एवढंच म्हटलं, "पुढच्या वर्षी येऊ नकोस."

घरी जाताना ती व्हॅनमध्ये पुढे बसली, मांडीवर वायरींचं भेंडोळं घेऊन.

"मावशी, मला प्रशांत महासागर येत होतं."

"माहीत आहे ग."

"सरांनी लाटाही करून दाखवल्या."

"मग म्हणाली का नाहीस?"

"पण तसं कुणी विचारलंच नव्हतं." मग तिला रडू फुटलं. "आता शनी नाही दिसणार."

माझे डोळे भरून आले, रागानेच. चूक तिची नव्हती, आणि रडत मात्र ती होती. "अगं, त्यात काय," मी म्हटलं. "एकदा ना, आपण दोघी..."

आणि फोन वाजला. नेहमीसारखाच.

भाचीने माझ्याकडे तोंड वळवलं. नाक पुसलं आणि वाट बघत राहिली, चिठ्ठीवरच्या उरलेल्या प्रश्नासाठी ज्ञानकोशांची बघितली होती तशीच. माझ्याही चिठ्ठीवर पुढचं काही लिहिलेलं नव्हतं. मघाशी मी ज्याला हसले होते, त्याच्याच शेजारी जाऊन बसल्यासारखं मला वाटलं. मी व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली आणि फोन वाजू दिला.

"आपण दोघी येत्या रविवारी वेधशाळेत जाऊ," मी म्हटलं. "दुपारी निघू. याच व्हॅनने. बंद पडली तर तू ढकलायची."

"नक्की?"

"नक्की."

तिने मान हलवली. फोन थांबून पुन्हा वाजू लागला. या वेळी मी उचलला. एक जुनं गिऱ्हाईक होतं.

"ताई, येत्या रविवारी आमच्याकडे..."

"जमणार नाही!" मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

भाचीने वायरींचं भेंडोळं नीट मांडीवर घेतलं. "मावशी," ती म्हणाली, "त्यांना पूर्ण बोलू तरी द्यायचंस."